डबल ब्रेकच्या गाडीतून बाहेर : एका ड्रायव्हिंग कोर्सच्या नोंदी

५ जानेवारी

लायसन्स जुनं, गाडी दारात, तरी ‘रिफ्रेशर’ हवा म्हणून येणारी काही माणसं असतात. पहिल्या दिवशी चालवायला बसवलं की कळतं, यांना शिकवण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. रिव्हर्स स्वच्छ, चढावर हाफ क्लचवर गाडी व्यवस्थित धरतात, आरशात बघायची सवय आहे. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सीटबेल्ट सोडता सोडता, खरं काय ते बाहेर येतं. “सर, बाकी सगळं जमतं. फक्त उड्डाणपुलावर जात नाही.” कुणी बोगद्याचं नाव घेतं, कुणी हायवेचं. एका सरांना तर सिग्नलला मधल्या लेनमध्ये अडकलं की दरदरून घाम फुटतो. तिथे धोका काहीच नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे.

अशा माणसाला आणखी दहा दिवस क्लच-ब्रेक शिकवून काहीही होत नाही. उलट त्याची समजूत पक्की होते की आपलं ड्रायव्हिंगच कच्चं आहे. म्हणून वेगळा कोर्स करायचा ठरवलं. बरोबर एक मानसोपचारतज्ज्ञ मॅडम आहेत. कामाची वाटणी साधी: डोक्यातलं आणि कागदावरचं त्यांच्याकडे, गाडी आणि रस्ता माझ्याकडे.

एक नियम आजच लिहून ठेवतो. डॉक्टरांची तपासणी झाल्याशिवाय कुणालाही स्टीअरिंगवर बसवायचं नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी, गरज वाटली तर कानाची तपासणी. धडधड म्हणजे दर वेळी घबराटच असते असं नाही, कधी हृदयाच्या ठोक्यांचीच गडबड असते. आणि ज्याला खरोखर फेफरं येतं, किंवा जो खरोखर बेशुद्ध पडलेला आहे, त्याच्यासाठी हा कोर्स नाही.

९ जानेवारी

आज फॉर्म बनवला. मी पहिला प्रश्न लिहिला होता, ‘गाडी चालवताना किती भीती वाटते?’ मॅडमनी तो खोडला. या प्रश्नाला सगळे ‘खूप’ म्हणतात, त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी त्यांनी घातलेले प्रश्न: कोणता रस्ता टाळता? तो टाळण्यासाठी किती किलोमीटरचा वळसा घेता? शेवटचं त्या रस्त्यावरून स्वतः गाडी चालवत कधी गेलात? गाडीत कायम काय काय ठेवता?

हा शेवटचा प्रश्न मला आधी फालतू वाटला. पण उत्तरं वाचनीय आली. पाण्याची बाटली, तीही पूर्ण भरलेलीच. गोळ्यांची स्ट्रिप, जी कधी उघडलेली नाही. ओला रुमाल. स्पीकरवर चालू ठेवलेला बहिणीचा फोन. एसीची जाळी तोंडावर वळवलेली. एका ताईंनी लिहिलं, ‘काच बोटभर उघडी, पाऊस असला तरी.’

पॅनिक अटॅक, म्हणजे घबराटीचा झटका, नेमका काय असतो हे मॅडमनी मला नीट सांगितलं. मनोविकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ सालच्या ग्रंथात तेरा लक्षणं दिली आहेत: धडधड, घाम, थरथर, श्वास अपुरा पडणं, छातीत दुखणं, मळमळ, भोवळ, हातापायाला मुंग्या, सगळं खोटं-खोटं वाटणं, ताबा सुटेल किंवा वेड लागेल असं वाटणं, मरणाची भीती, असं बरंच. त्यातली चार किंवा जास्त एकदम उसळून काही मिनिटांत शिगेला पोचतात. काही मिनिटांत, हा भाग मी अधोरेखित केला. हायवेवर ती काही मिनिटं फार लांब वाटतात, पण शिखर आलं की त्यानंतर उतारच असतो.

आणखी एक चाळणी. ज्यांना अपघात झाला आणि त्यानंतर भीती बसली, त्यांना समोरच्या ट्रकची भीती असते. बाकीच्यांना ट्रकची नसते, स्वतःच्या शरीराची असते. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. अपघातवाले आधी मॅडमकडे जातील, गाडीचं नंतर बघू.

१४ जानेवारी

पहिली बैठक, गाडीविना. मॅडमनी फळ्यावर एक गोल काढला. छातीत जरा धडधडलं. मनात आलं, ‘आता काहीतरी होणार.’ त्या विचारानेच अॅड्रिनलिन वाढलं, धडधड आणखी वाढली, मग ‘बघ, होतंयच!’ मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली घबराटीची जी मांडणी केली तिचा गाभा हाच: शरीरातल्या साध्या बदलाचा भयंकर अर्थ लावणं.

सगळ्यात जास्त प्रश्न चक्कर येऊन पडण्यावर आले. ‘चालवता चालवता शुद्ध हरपली तर?’ याचं उत्तर मलाही नवीन होतं. माणूस बेशुद्ध पडतो तेव्हा सहसा रक्तदाब एकदम खाली आलेला असतो. घबराटीत तो सहसा वर जातो. म्हणजे पडेन-पडेन असं वाटतं त्या वेळी शरीर पडण्याच्या उलट दिशेला गेलेलं असतं. रक्त किंवा इंजेक्शनची सुई बघून घेरी येणारे लोक हा अपवाद, त्यांचा रक्तदाब खरंच कोसळतो. फॉर्ममध्ये तो प्रश्न वाढवला.

मग भोवळ का वाटते? भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आवळतात आणि डोकं हलकं होतं. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात त्याही यामुळेच. हवा कमी पडतेय असं वाटतं तेव्हा श्वास खरं तर गरजेपेक्षा जास्त चाललेला असतो. हे ऐकून एक काका म्हणाले, “म्हणजे मी इतकी वर्षं काच उघडतोय ती उगाचच?” सगळे हसले. त्यांच्याच कामाची ही माहिती होती.

हायवेवर, पुलावर, बोगद्यात आणि सिग्नलच्या मधल्या लेनमध्ये सारखं काय आहे? बाहेर पडणं आपल्या हातात नाही. या यादीत अवघड रस्ता एकही नाही. घाटातल्या वळणांवर यातले निम्मे लोक आरामात चालवतात, कारण तिथे हवं तेव्हा कडेला घेता येतं.

१७ जानेवारी

बसण्याची पद्धत. यावर मी एकटा बोलू शकतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घाबरलेला ड्रायव्हर सीट पुढे ओढतो. छाती स्टीअरिंगजवळ, खांदे कानाला लागलेले, पाठ सीटला टेकलेलीच नाही, अंगठे चाकाच्या आतून अडकवलेले, पेरं पांढरी पडलेली. असं बसून पोटातून श्वास घ्यायला जागाच उरत नाही, मग तो छातीच्या वरच्या भागातून, तुटक चालतो. थोड्या वेळाने मनगटं आणि हात दुखायला लागतात, आणि डाव्या हातात कळ आली की पुढचा विचार हार्ट अटॅकचाच असतो.

एका ताईंची तक्रार होती की भीती आली की हात सुन्न पडतात, स्टीअरिंग सुटेल. गाडी बंद असताना त्यांना म्हटलं, आत्ता धरलंय तसंच धरा, मी सोडवतो. मला ती बोटं सुटेनात. त्या स्वतःच बघत राहिल्या. मुंग्या आलेल्या हाताला जाणीव कमी वाटते, पण पकड जात नाही, ती वाढलेली असते.

सीट मागे घेतली, मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल इतकं अंतर ठेवलं, पाठ आणि कंबर टेकवली, अंगठे चाकाच्या वर. आणि नजर. घाबरलेली नजर बॉनेटच्या जरा पुढे चिकटते, तिथला रस्ता सगळ्यात जोरात पळताना दिसतो. तीच नजर लांब टाकली की वेग तेवढाच असून गाडी संथ वाटते.

२२ जानेवारी

आज एक वेगळीच केस. काकूंचं म्हणणं, रुंद मोकळ्या रस्त्यावर आणि पुलाच्या माथ्यावर गाडी एका बाजूला ओढते, कलते. गावातल्या रस्त्यावर कधीच नाही. गाडीचं अलाइनमेंट दोनदा करून झालंय. मी चालवून पाहिली, सरळ जाते.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, थांबा, हिला भीतीच्या खान्यात टाकू नका. पेज आणि ग्रेस्टी या संशोधकांनी १९८५ साली नेमकं असंच वर्णन केलेलं आहे: मोकळ्या रस्त्यावर, चढाच्या टोकावर गाडी वळतेय किंवा कलतेय असं वाटणारे चालक, आणि त्यामागे कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतला बिघाड. आजूबाजूला झाडं-इमारती असल्या की डोळे तोल भरून काढतात, मोकळ्यावर डोळ्यांना धरायला काही मिळत नाही. काकूंना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तोवर गाडी बंद.

या एका केसमुळे तपासणीचा नियम माझ्या लेखी दुप्पट पक्का झाला.

२ फेब्रुवारी

शिड्या तयार केल्या. मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली भीतीच्या पायऱ्या करून खालून वर जाण्याची पद्धत मांडली, आणि भीतीला शून्य ते शंभर गुण देण्याची सोयही त्यांचीच. प्रत्येकाची शिडी वेगळी. सिग्नलवाल्या सरांची मला आवडली: आधी कडेच्या लेनमध्ये सगळ्यात पुढे, मग कडेला पण मागे, मग मधल्या लेनमध्ये पुढे, शेवटी मधली लेन, पुढे-मागे-दोन्हीकडे गाड्या, आणि लांब चालणारा सिग्नल. उड्डाणपूलवाल्यांना आधी मी चालवतो आणि ते शेजारी बसतात. मग पहाटेचा रिकामा पूल, मग गर्दीचा.

मॅडम मात्र पायऱ्या कडक क्रमाने चढू देत नाहीत. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के यांचं काम त्या सांगतात. भीती गुणांमध्ये किती उतरली यापेक्षा, माणसाने जे घडणार म्हणून मानलं होतं ते घडलं की नाही, याने जास्त शिकलं जातं. म्हणून गाडी सुरू करण्याआधी वहीत दोन रकाने: ‘अंदाज’ आणि ‘घडलं’.

एका ताईंच्या वहीतून, त्यांच्या परवानगीने:

अंदाज: पुलाच्या मध्यावर पाय लटपटतील, ब्रेक दाबता येणार नाही, पुढच्या गाडीवर आदळेन.

घडलं: पाय लटपटले. ब्रेक दाबता आला. एकाने हॉर्न वाजवला, पण तो माझ्या पुढच्या रिक्षाला होता.

भीतीचे गुण त्यांनी आधी ८० दिले होते, नंतरही ८०च दिले. मी हिरमुसलो. मॅडम खूश.

९ फेब्रुवारी

श्वास. लोकांना ‘दीर्घ श्वास घ्या’ एवढंच माहीत असतं, आणि आधीच जास्त श्वास चाललेल्या माणसाने आणखी मोठे श्वास ओढले की भोवळ वाढते. आम्ही सांगतो: नाकातून, लहान, सोडताना सावकाश. सराव घरी. गाडीत श्वास मोजत बसायचं नाही, लक्ष रस्त्यावर. कागदी पिशवीत श्वास घेण्याची जुनी युक्ती कुणीही करायची नाही, त्रास खरोखर हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असेल तर ती जिवावर बेतू शकते. आणि ‘डोळे मिटा’ म्हणणारी ध्यानाची रेकॉर्डिंग गाडीत लावणाऱ्याला काय म्हणावं!

१६ फेब्रुवारी

आजचा प्रयोग करताना माझेच हात गार पडले होते. पार्किंगमध्ये गाडी उभी, इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात. आणि घबराटीची लक्षणं मुद्दाम आणायची. एक मिनिट भराभर श्वास. मग नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास. मग बाहेर येऊन जागच्या जागी गिरक्या, आणि लगेच सीटवर. दमा, हृदयरोग, फेफरं, गरोदरपण यांपैकी काही असेल त्याला यातून वगळलं आहे, आणि मॅडम शेजारी असल्याशिवाय हे करायचं नाही. चालत्या गाडीत तर कधीच नाही.

सिग्नलवाले सर भराभर श्वास घेता घेता मध्येच थांबले आणि जवळजवळ ओरडलेच, “अहो, हेच ते! सेम हेच!” त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता आणि हसूही. पार्किंगमध्ये, रिकाम्या गाडीत, समोर भिंत, आणि तरी तेच सगळं. म्हणजे ते सिग्नलमध्ये नव्हतं. त्यांनी पुन्हा करायला मागितलं. दुसऱ्यांदा कंटाळा आला म्हणाले.

दोन ताईंना हा प्रयोग अजिबात आवडला नाही. त्यांना जबरदस्ती नाही, पण मॅडमच्या मते नेमका त्यांनाच तो लागणार आहे.

२५ फेब्रुवारी

चालत्या गाडीत अटॅक आला तर काय, यावर मॅडमचं आणि माझं चांगलंच वाजलं.

त्यांचं म्हणणं: थांबायचं नाही. थांबलं, बरं वाटलं, की डोकं शिकतं, ‘थांबलो म्हणून वाचलो.’ पुढच्या वेळी भीती दोन किलोमीटर आधीच येते. माझं म्हणणं: ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ही माणसं रस्त्यावर एकटी नाहीत, मागे दुसऱ्यांची मुलंबाळं येतायत. ज्याला समोरचं धूसर दिसतंय त्याला चालवत राहा म्हणणं मला जमणार नाही.

बरीच ओढाताण झाल्यावर जे ठरलं ते असं. अटॅक आला की अॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करायचा, ब्रेकवर एकदम जायचं नाही. पुढच्या गाडीशी अंतर वाढवायचं. आरसा, इंडिकेटर, सावकाश कडेच्या, हळू वाहतुकीच्या लेनमध्ये. तिथे एकसारखा वेग धरून चालत राहायचं. बऱ्याच वेळा लाट तिथेच ओसरते. ओसरत नसेल, दिसण्यावर किंवा गाडीवरच्या ताब्यावर परिणाम होतोय असं वाटलं, तर पुढचा एक्झिट किंवा पूर्ण सुरक्षित जागा गाठून थांबायचं, हझार्ड लाइट लावायचे. चालत्या लेनमध्ये किंवा पुलावर मध्येच थांबायचं नाही, त्यात खरा धोका आहे.

आणि मॅडमची अट, जी मी पूर्ण मान्य केली: थांबल्यावर तिथून घरी परतायचं नाही. सावरलं की जिकडे निघाला होतात तिकडेच, निदान थोडं तरी, पुढे जायचं. शेजारच्या सीटवर सरकून ‘तू चालव’ म्हणायचं नाही.

छातीत दाब आणि हात-जबड्यात पसरणारं दुखणं, कधी नव्हे तो पहिल्यांदाच आलेला असा त्रास, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, या वेळी ‘घबराटच असेल’ असं स्वतःच ठरवायचं नाही. सुरक्षित थांबून रुग्णवाहिका बोलवायची. हे वाक्य कोर्सच्या सूचनांच्या कार्डावर मोठ्या अक्षरात घेतलं.

८ मार्च

गाडं अडलं होतं, त्याचं कारण आज सापडलं. ते माझ्या पायाखाली होतं.

आमच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच आहे. या गाडीत सगळ्यांची प्रगती झकास. गर्दीचा पूल, लांबचा बोगदा, सगळं होतं. पण स्वतःच्या गाडीत बसले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आज पुलावरून उतरताना वहीवाल्या ताई सहज बोलल्या, “सर, तुमचा बूट ब्रेकवर दिसतो ना, तोवर मला काही होत नाही.” त्या समोर बघत होत्या, पण एक डोळा माझ्या बुटावर असायचा. बाकीच्यांना विचारलं. कमी-अधिक सगळ्यांचं तेच.

मॅडमना फोन केला. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ साली हेच मांडलं आहे: घाबरलेला माणूस स्वतःला वाचवायला काहीतरी करतो, मग काही झालं नाही तर श्रेय त्या उपायाला जातं, आणि भीती तशीच राहते. पाण्याची बाटली, बोटभर उघडी काच, बहिणीचा फोन, न उघडलेली स्ट्रिप. त्या यादीत आता मीही. माझा बूट, माझा आवाज, ‘आरामात, आरामात, पुढे ट्रक आहे, जाऊ दे त्याला’ ही माझी सतत चालणारी कॉमेंट्री. शिकाऊ माणसाला ती लागते. यांना तीच पांगळं करते.

काठी काढायची तर एकदम काढून चालत नाही, ती रोज थोडी तासून आखूड करायची. क्रम असा लावला: आधी माझे पाय सीटखाली मागे, ते दिसतील असे. मग माझी बडबड बंद, फक्त वळण सांगायचं. मग त्यांची स्वतःची गाडी, जिच्यात माझ्याकडे ब्रेक नाही. मग मी मागच्या सीटवर. मग मी मागून दुसऱ्या गाडीत. मग मी पुलाच्या पलीकडे उभा. मग मी कुठेच नाही.

डबल ब्रेक सोडायचा तो फक्त ज्यांचं ड्रायव्हिंग मी स्वतः पारखलंय त्यांच्यासाठी. भीती आहे म्हणून सुरक्षेला फाटा द्यायचा असा याचा अर्थ कुणी काढू नये.

१२ मार्च

पाय मागे घेऊन बसलो. माझ्या उजव्या पोटरीला वांब आला. इतक्या वर्षांची सवय, प्रत्येक ब्रेकला माझा पाय आपोआप पुढे. ताईंचे गुण ४० वरून ७० वर गेले. मॅडमचा मेसेज: ‘छान! आता कामाला सुरुवात झाली.’

१९ मार्च

औषधांबद्दल मी बोलायचं नाही, पण काही नियम कोर्सला लागतातच. ते मॅडमनी मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांशी बोलून लिहून दिले. लगेच शांत करणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्यांनी झापड येते, हालचाल मंदावते. ती घेऊन स्टीअरिंगवर बसायचं नाही, आणि निघायच्या आधी ‘सेफ्टी म्हणून’ तर नाहीच. धडधड कमी करणारं प्रोप्रानोलोल दम्याच्या रुग्णांना चालत नाही, त्यामुळे शेजाऱ्याची गोळी उचलायची नाही. घबराटीवर रोज घ्यायच्या एसएसआरआय गटाच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, चार दिवसांत मनाने बंद करायच्या नाहीत. कोणतंही औषध सुरू किंवा बंद करणं डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

जाता जाता: सकाळच्या सत्राआधी कडक कॉफी पिऊन येणाऱ्यांनी धडधडीबद्दल माझ्याकडे तक्रार करू नये.

२ एप्रिल

बोगदा. यात निम्मी गोष्ट डोळ्यांची आहे. लख्ख उन्हातून आत शिरलं की डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात भिंती अगदी जवळून पळायला लागतात, त्यामुळे वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. ज्याला आधीच धडधड आहे तो याचा अर्थ ‘भोवळ येतेय’ असा लावतो. उपाय साधे. गॉगल आधीच काढायचा, हेडलाइट आधीच लावायचे, वेग आत शिरण्यापूर्वी पाटीप्रमाणे करायचा, नजर भिंतीवर न नेता लांबच्या दिव्यांच्या रांगेवर.

काच उघडी ठेवणाऱ्या ताई आज पूर्ण काचा लावून बोगद्यातून गेल्या. अंदाज: गुदमरेन. घडलं: एसीची थंडी वाजली.

११ एप्रिल

घरच्यांसाठी वेगळं पान लागणार. आज एका ताईंचे यजमान शेजारी बसले होते, मी मागे. यजमानांचा एक हात छताच्या हँडलला, दुसरा हँडब्रेकजवळ. दर मिनिटाला “घाबरू नकोस हं.” ताई तोवर अजिबात घाबरल्या नव्हत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, “अहो, तुम्हीच घाबरताय!”

पानावर काय घ्यायचं: ‘घाबरू नकोस’ म्हणायचं नाही. ‘बरं वाटतंय ना?’ सारखं विचारायचं नाही. ‘मी चालवू का?’ हा प्रेमाचा प्रश्न सगळ्यात महाग पडतो. तिने मागितली तरच मदत, तीही एका वाक्यात: ‘कडेच्या लेनला घे, वेग तसाच ठेव.’ बाकी वेळ नेहमी बोलता तसं बोला, किंवा गप्प बसा. आणि इतकं करून तिला जमलं नाही तर घरी पोचल्यावर त्यावर चर्चा नको.

२० एप्रिल

सिग्नलवाल्या सरांना काल अटॅक आला. सिग्नलला नाही, घराजवळच्या रिकाम्या रस्त्यावर, पावसात. फोनवर आवाज पार पडलेला. “सगळं पाण्यात गेलं, सर.”

मॅडमनी त्यांना रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांची गोष्ट सांगितली. दर वेळी घंटा वाजवून अन्न दिलं की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्यांना लाळ सुटायची. मग नुसतीच घंटा वाजवत राहिलं, अन्न दिलंच नाही, की ती लाळ हळूहळू थांबायची, पण काही काळ मध्ये जाऊ देऊन पुन्हा घंटा वाजवली की थोडी लाळ परत यायची. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्या शेजारी नवं उभं राहतं. नवी जागा, नवी हवा, झोप कमी, कामाचा ताण, की जुनं डोकं वर काढतं. आमचा सगळा सराव कोरड्या हवेत, सकाळी झाला होता. म्हणजे सरांच्या मेंदूने ‘कोरड्या हवेत, सकाळी काही होत नाही’ एवढंच शिकलेलं.

वेळापत्रक बदललं. अंधारात, पावसात, थकून आल्यावर, गाडीत कुणी नसताना, गाडी माणसांनी भरलेली असताना. सरांना आजच संध्याकाळी त्याच रस्त्याने बोलावलं. आले. कुरकुरत आले, पण स्वतः चालवत आले.

३ मे

काकूंचा रिपोर्ट: कानातल्या तोलाच्या यंत्रणेत बिघाड आहेच. फिजिओथेरपिस्टकडे डोकं आणि डोळे हलवण्याचे व्यायाम सुरू झालेत. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मोकळा रस्ता नाही. त्यांना एवढंच बरं वाटलं की ‘मनाचे खेळ आहेत’ हे आता घरात कुणी म्हणणार नाही.

वहीवाल्या ताई एकट्या पूल ओलांडून गेल्या. मी पलीकडेही नव्हतो. संध्याकाळी वहीचा फोटो आला. अंदाजाच्या रकान्यात अर्धं पान. घडलंच्या रकान्यात: ‘मध्यावर आलं. कडेच्या लेनला गेले. उतरेपर्यंत होतं. ऑफिसला पोचले.’ गुण ६५.

पुढच्या बॅचसाठी बदल: फॉर्ममधला ‘भीती किती कमी झाली’ हा रकाना काढला, त्या जागी ‘कोणता वळसा बंद झाला’. स्ट्रॉचा प्रयोग दुसऱ्याच आठवड्यात घ्यायचा, तोवर लोकांना आमची सवय लागलेली नसते. डबल ब्रेकच्या गाडीतली सत्रं निम्म्यावर. यजमानांचं पान पहिल्या दिवशीच हातात द्यायचं. बोगद्याचं सत्र पावसाळ्यात एकदा करून बघायचं, ओल्या काचा आणि आतला कोरडा रस्ता यांचं काय होतं ते अजून पाहिलेलं नाही.